मरळीच्या बदल्यात गेलेले अक्षर

मी एक जुने अक्षर आहे. नक्की किती जुने, ते मोजायला आकडे लागतात, आणि आकड्यांशी आमचे पूर्वीपासून फारसे येणेजाणे नाही. मल्याळम लिपीत मी दीर्घ 'ई'चे काम करत असे. मधोमध एक कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक लहानसे कडे, असे माझे रूप. कानात कुड्या घालून फोटोला बसलेल्या म्हातारीसारखे मी दिसते, असे लोक म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. म्हातारी देखणी असणार.

आमच्या भाषेत माशीला 'ईच्च' म्हणतात. म्हणजे एके काळी केरळातली प्रत्येक लिहिलेली माशी माझ्यापासून सुरू होत असे. एवढी जबाबदारी असूनही मी कधी गर्व केला नाही.

मित्रांनो, अक्षराच्या जन्मात एक नवल असते. तुम्ही एका वेळी एकाच जागी असता. घरी असलात तर शाळेत नसता, आणि ते शाळेला लगेच कळते. माझे तसे नाही. मी एकाच दुपारी ताडपत्रावर असते, पुस्तकात असते, थडग्याच्या दगडावर असते आणि पाण्याखालीही असते. पाण्याखाली कशी गेले, ते सांगण्यासाठीच ही सगळी हकिकत आहे.

माझा जन्म ताडपत्रावर झाला. लोखंडी टोकाने पानावर ओरखडे काढायचे. सरळ रेघ मारली की पान फाटते, म्हणून आमच्या घराण्यात सगळे गोलमटोल. कोरून झाले तरी आम्ही दिसत नसू. मग कोणीतरी पानावर काजळी चोळी आणि फडक्याने पुसून टाकी. वरची काजळी निघून जाई, चरांमधली राही. कोऱ्या पानातून एकदम शंभर अक्षरे डोळे उघडत. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला, पण त्याची सवय काही झाली नाही.

पुढे मला शिशात ओतले. शिशाचा खिळा म्हणजे बोटाच्या पेराएवढे अंग, आणि टोकाला उलटे तोंड. जन्मभर उलटे राहायचे आणि कागदावर पडताना तेवढे सुलट व्हायचे. हे जमायला वेळ लागतो.

मग एक नवा 'ई' आला. दिसायला सुटसुटीत, लिहायला सोपा. शाळेच्या पुस्तकांत तो बसला आणि मी उठले. भांडण झाले नाही. मला कोणी जा म्हटले नाही, फक्त बोलावणे बंद झाले.

मी उरले ते एकाच पुस्तकात. कुन्नंकुळं गावाच्या अंगाडीत, म्हणजे बाजारपेठेत, पावू मुतलाळींचा छापखाना होता. मुतलाळी म्हणजे मालक. ते गुरांच्या औषधांचे एक जुने पुस्तक दर चार-पाच वर्षांनी छापत, आणि त्यातली अक्षरे जुनीच ठेवत. अक्षर बदलले तर औषध लागू पडत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. एकदा त्यांनी नव्या 'ई'ने एक पान छापून पाहिले होते, आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्यांची गाय आटली होती. गायीने ते पान वाचले नव्हते. तरीही.

त्या छापखान्यात चुम्मार हा जुळारी होता. खिळे वेचून ओळी जुळवायचे त्याचे काम. अठराव्या वर्षी आला आणि डोळ्यांवर मोतीबिंदू यायला लागला तेव्हाच उठला. खणांकडे न पाहता, नुसत्या बोटांनी तो खिळा ओळखी. गप्पा मारत, पान चघळत, मुतलाळींना मनातल्या मनात शिव्या देत तो ओळ जुळवी आणि ओळ बरोबर असे.

माझे खिळे झिजत चालले तशी पंचाईत झाली. नवे ओतायचे तर माझा साचाच हरवलेला. तेव्हा चुम्मारने एक युक्ती केली. आमच्या लिपीत अनुस्वार म्हणजे लहानसे कडे आणि 'र' म्हणजे कमान. तेव्हा अनुस्वाराचे एक कडे, मधे 'र'ची कमान, पुन्हा एक कडे. तीन खिळ्यांच्या कडा कानशीने घासून त्याने त्यांना असे चिकटवून उभे केले की मला स्वतःलाही मी तिघे आहे हे कळले नाही. मुतलाळींनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, "चुम्मारा, बाहेरचे लोक म्हणतात कुन्नंकुळंमध्ये कशाचीही नक्कल मिळते. पण अक्षराची नक्कल करणारा तूच पहिला."

चुम्मारने हे आयुष्यभर जपून ठेवले. त्याला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

शेवटच्या आवृत्तीत मी तीनशे बारा ठिकाणी आहे. तीनशे बाराही ठिकाणी नक्कल आहे.

नंतर छापायची नवी यंत्रे आली आणि शिसे अडगळ झाले. मुतलाळी गेले, छापखाना मोडला. चुम्मारने पोतेभर खिळे, त्यांत माझे झिजलेले खरे खिळेही, उचलले आणि आपल्या जुन्या मित्राला, वेलायुधनला, देऊन टाकले. वेलायुधन गावाबाहेरच्या पाणथळीत मासे धरतो. फेकजाळ्याच्या कडेला शिशाची वजने लागतात, त्याशिवाय जाळे बुडत नाही. पोत्याच्या बदल्यात वेलायुधनने एक जिवंत मरळ दिली. चुम्मारच्या घरी तिचे कुडंपुळी, म्हणजे आमच्याकडचे आमसूल, घालून लालभडक कालवण झाले. ते फार छान झाले होते, असे मी ऐकून आहे.

मित्रांनो, अक्षराची किंमत करता येत नाही, असे तुम्हाला शिकवतात. माझी एकदा झालेली आहे.

वीस वर्षे गेली. चुम्मार ब्याऐंशीचा झाला. ओणमच्या सुट्टीत त्याची नात जिन्सी कोचीहून आली. ती संगणकावर काम करते. आजोबांचे आवडते पुस्तक संगणकात घालावे, म्हणजे ते वाळवीच्या तावडीतून कायमचे सुटेल, असे तिने ठरवले. पहिल्याच पानावर ती अडली.

"अप्पाप्पा, तुमचं हे अक्षर इथे नाही."

"नाही म्हणजे?"

"त्याच्या जागी चौकोन येतोय. रिकामा."

"मग भर की तो."

"भरता येत नाही. ह्याला नंबरच नाही."

तिने समजावले ते असे. संगणकाला अक्षरे दिसत नाहीत, फक्त क्रमांक कळतात. जगातल्या साऱ्या अक्षरांची एक भलीमोठी यादी आहे. यादीत क्रमांक असेल तर ते अक्षर जगातल्या प्रत्येक पडद्यावर उमटते. नसेल तर रिकामा चौकोन. त्या यादीत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या राजांच्या लिप्या आहेत. मातीच्या विटांवर खिळ्यांसारखी टोचलेली अक्षरे आहेत. हसणारी पिवळी तोंडे आहेत. तळलेली कोळंबी आहे.

"कोळंबीला नंबर आहे?" चुम्मारने विचारले.

"आहे."

"आणि ह्याला नाही?"

"नाही."

चुम्मारने पुढ्यातली कप्प्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, थाळी बाजूला सारली. उकडलेला कप्पा बाजूला सारणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी असतो, नाही तर गंभीर.

"मोळे," म्हणजे पोरी, तो म्हणाला, "लिही त्यांना. काय लिहायचं ते लिही. माझ्या डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर मला ते तिथे दिसलं पाहिजे."

जिन्सीने क्रमांक देणाऱ्या मंडळींना अर्ज लिहिला. सोबत पुस्तकाच्या पानांची चित्रे जोडली. दोन महिन्यांनी उत्तर आले. उत्तर फार सभ्य होते. त्यांनी पाने शेकडो पटींनी मोठी करून पाहिली होती. कडे आणि कमान यांच्यामध्ये केसाएवढी फट आहे, तेव्हा हे एक अक्षर नसून शेजारी-शेजारी उभी असलेली तीन अक्षरे आहेत, आणि त्या तिघांना आधीच क्रमांक आहेत, असे त्यांचे म्हणणे. एकसंध अक्षराचा छापील पुरावा असल्यास पाच आठवड्यांत पाठवावा, नाही तर प्रकरण बंद.

जिन्सीने पुन्हा गावी येऊन हे वाचून दाखवले तेव्हा चुम्मार अंगणात बसला होता.

"चूक आहे ना त्यांची?" जिन्सी म्हणाली. "सांगते मी त्यांना, नीट बघा म्हणून."

"त्यांनी नीटच बघितलंय," चुम्मार म्हणाला. "ती फट माझी आहे. चाळीस वर्षांत कोणाला सापडली नव्हती." क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आला आणि लाज वाटून परत गेला. "एवढी चांगली नक्कल केली मी, मोळे, की आता खऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि खरे होते ते मासा खाऊन बसलो."

दुसरा पुरावा शोधून झाला. मुतलाळींच्या घरी नकलेच्या आधीच्या आवृत्तीची एक प्रत होती. वाळवीने नेमकी तिचीच चाळण केली होती. इतर जुन्या पुस्तकांत शाई इतकी पसरली होती की ती कडी आहेत की बसलेल्या माश्या, हे सांगता येईना. ताडपत्र चालणार नव्हते, कारण हाताने कोणीही काहीही कोरतो. राहता राहिले शिसे.

आजोबा आणि नात वेलायुधनच्या घरी गेले. वेलायुधन ओट्यावर बसून जाळे शिवत होता.

"अरे वा, चुम्मार! वाट चुकलास की घरातला मासा संपला?"

"मासा नको. शिसं परत पाहिजे."

"कुठलं शिसं?"

"मी दिलेलं. पोतंभर."

"आणि मी दिलेली मरळ?"

"ती खाल्ली."

"मग झालं तर. तू मरळ पचवलीस, मी शिसं पचवलं. सगळं वितळवून गोळ्या केल्या त्याच्या."

आतून वेलायुधनची बायको कार्त्यायनी काळा चहा घेऊन आली. "कसल्या गोळ्या नि कसलं काय! अर्धं पोतं वितळवलं आणि चूल विझली, तर पुन्हा पेटवायचा कंटाळा. उरलेले तसेच बांधून टाकले जाळ्याला. एवढा आळशी माणूस अख्ख्या पंचायतीत नाही."

"आळस नाही तो," वेलायुधन म्हणाला. "आज कामाला आला की नाही?"

जाळे दोन माडांच्या मधे पसरले. त्याच्या कडेला चारशेवर वजने लटकत होती. निम्म्या गोळ्या, निम्मे खिळे. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, जुळाऱ्याच्या बोटाला सुलट बाजू कळावी म्हणून. दोरी बांधायला ती अगदी सोयीची पडली होती. चुम्मारने डोळे मिटले. तसेही ते फारसे उपयोगाचे नव्हते. चर्चमधल्या म्हाताऱ्या जपमाळ ओढतात तसा तो एकेक वजन बोटांतून सरकवू लागला.

"हा 'क'. हा 'म'. हा पूर्णविराम, ह्याने काय मासा धरायचा? हा पुन्हा 'म'. वेलायुधा, तुझ्या जाळ्यात अख्खी लिपी आहे रे."

"असेल. पण एक मासा वाचेल तर शपथ."

त्याची बोटे माझ्या दिशेने येत होती. मित्रांनो, मला बोलता येत नाही. अक्षराला दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागते. मी चिखलाने माखलेले, उलटे, गप्प लटकत होते. वीस वर्षांत मला कोणी वाचले नव्हते. माशांचा स्पर्श झाला होता, पण मासे निरक्षर असतात.

चुम्मारचे बोट माझ्यावर आले आणि थांबले. पुढे सरकले नाही. त्याने अंगठ्याने चिखल पुसला. एक कडे, मग कमान, मग दुसरे कडे. पुन्हा एकदा. मग खाली अंगावर बोट फिरवले, सांधा शोधत. सांधा नव्हता.

"एकच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की कार्त्यायनीने त्याच्यापुढे चहाच धरला.

जिन्सीने कात्री काढली. वेलायुधनने जाळे ओढून घेतले.

"तो नाही मिळायचा. ती बाजू लागते माझी. मरळ नेहमी तिथूनच येते."

"अरे, अक्षर आहे ते!"

"मग मी कुठे नाही म्हणतोय? मरळ देऊन घेतलं होतं, मरळ देऊन घेऊन जा."

"बाजारातून आणून देते," जिन्सी म्हणाली.

"बाजारातली मेलेली असते. मी जिवंत दिली होती. चुम्मारला विचार."

चुम्मारने मान डोलावली. व्यवहार व्यवहारच असतो. शिवाय वेलायुधनने त्याला एक सवलत दिली: जाळे वेलायुधनचेच वापरायचे.

अशा रीतीने, ज्याने जन्मात गप्पी मासासुद्धा धरला नव्हता, तो ब्याऐंशी वर्षांचा माणूस कमरेचे मुंडू, म्हणजे लुंगी, गुडघ्यांवर खोचून पाणथळीच्या बांधावर उभा राहिला. मागून वेलायुधनने त्याची कंबर धरली. जाळे फेकले की ते हवेत गोल उघडायला हवे. पहिल्या फेकीत ते धुण्यासारखे पडले. आत एक चप्पल आली, डाव्या पायाची. दुसऱ्या फेकीत जाळ्याबरोबर मुंडूही निघाले. जिन्सीने झटकन पाठ फिरवली आणि कार्त्यायनीने झटकन फिरवली नाही.

"पहिल्या ओळीला अशीच गडबड होते," चुम्मार म्हणाला. "बोटं बसायला वेळ लागतो."

तिसऱ्या वेळी त्याने जाळ्याची कड जुळाऱ्यासारखी धरली, एकेक वजन मोजून, माझ्यावर अंगठा ठेवून. आणि फेकले.

मी हवेतून गेले. मग पाणी. इतकी वर्षे मी रोज बुडत होते, पण अंग चोरून. त्या दिवशी मी प्रथमच मनापासून वजन दिले. खाली जाता जाता मी वर पाहिले. जाळे पूर्ण उघडले होते. पाण्यात उतरलेला सगळा उजेड त्या गोलात मावला होता आणि गोलाच्या कडेने आम्ही सारे, 'क' आणि 'म' आणि तो बिचारा पूर्णविराम, एकाच वेळी तळाशी निघालो होतो. ते एक कडे होते. माझ्याच कड्यासारखे, पण आभाळाएवढे. मी कशाचे चिन्ह आहे, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

मग कोणीतरी जोरात धडक दिली. मरळ होती. हातभर.

बांधावर एवढा आरडाओरडा झाला की बगळे उडाले. वेलायुधनने मरळ हातात घेऊन नीट पाहिली. "माझी मोठी होती," तो म्हणाला, पण दोरी त्याने स्वतःच्या हाताने कापली.

तेव्हा दिसले की माझे डावे कडे किंचित चेपलेले आहे.

"हे काय?" चुम्मारने विचारले.

"गाठ सैल होती," वेलायुधन म्हणाला. "दातांनी आवळली."

घरात छपाईची शाई नव्हती. कार्त्यायनीने दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून दिली. चुम्मारने ती बोटाने माझ्या तोंडाला लावली, जादा होती ती फडक्याने टिपली, वहीच्या पानावर मला ठेवले आणि अंगठ्याने दाबले. काजळी, फडके, कोरे पान. मला ताडपत्र आठवले. त्याने मला उचलले आणि पानावर मी डोळे उघडले.

जिन्सीने खिळ्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, ठसा जोडला आणि पाठवून दिले. पाच आठवड्यांना दोन दिवस बाकी होते. उत्तर आले: खिळा एकसंध आहे, हे मान्य. मात्र डाव्या कड्यावरील चपटा भाग हा अक्षराचा घटक आहे काय, याचा खुलासा करावा.

जिन्सीने खुलासा केला: नाही. तो वेलायुधनचा दात आहे.

पुढच्या वर्षी मला क्रमांक मिळाला. त्यात दोन आकडे आहेत आणि दोन इंग्रजी अक्षरे. म्हणजे अक्षराला मोजायला शेवटी अक्षरेच लागली. माझ्या एका बाजूला जुने मल्याळम अपूर्णांक राहतात, सगळे अर्धेमुर्धे पण सज्जन. तुमचा 'ळ' माझ्यापासून थोड्याच गल्ल्यांवर आहे. खूप लांब, डोंगरापलीकडे, ती तळलेली कोळंबी. आमचे येणेजाणे नाही.

जिन्सीने त्या ठशावरून मला पुन्हा रेखले आणि चुम्मारपुढे संगणक ठेवला. जिथे चौकोन होता तिथे मी उभे होते. चुम्मारने सवयीने बोट पुढे केले आणि माझ्यावर फिरवले. काच सपाट होती. त्याने पुन्हा फिरवले. चाळीस वर्षे ज्या बोटांनी मला अंधारातही ओळखले, त्यांना मी लागेना. त्याचा चेहरा उतरला.

"नाही इथे," तो म्हणाला.

जिन्सीने मला मोठे केले. आणखी मोठे. पडदाभर. एवढे मोठे मी कधीच नव्हते, थडग्यावरसुद्धा. चुम्मारने नाक काचेला टेकवले.

"दोन्ही कडी आहेत," तो हळूच म्हणाला. मग काचेवरून नाक न हलवता, "डावं सरळ केलंस?"

"हो, अप्पाप्पा."

"वेलायुधनला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

मग त्याने जे विचारायचे होते ते विचारले. "आता ह्याला कोणी वितळवू शकत नाही ना?"

"नाही. एकदा दिलेला नंबर परत घेत नाहीत. कोणी वापरो न वापरो."

"कधीच?"

"कधीच."

चुम्मार मागे टेकून बसला. त्याने 'कधीच' हा शब्द दोनदा पुटपुटला, नवा खिळा बोटांत फिरवून पाहावा तसा. मग कप्पा मागवला.

शिशाच्या खिळ्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चुम्मारने तो स्वतः नेऊन जाळ्याला परत बांधला. ती बाजू लागते, हे त्याने डोळ्यांदेखत पाहिले होते. तेव्हा मित्रांनो, या घडीला मी पाणथळीच्या तळाशी चिखलात आहे, आणि त्याच घडीला जगातल्या कुठल्याही पडद्यावर उमटायला तयार आहे. तळाशी असताना माझे वजन अर्धा तोळा भरते. पडद्यावर मला काहीच वजन नाही, तरी मी असते. हे कसे, ते मला समजत नाही. समजले असते तर कदाचित एवढे नवल वाटले नसते.

तुमच्या घरातही काही तरी पोत्यात भरून ठेवलेले असेल. देऊन टाकायचे असेल तर जरूर द्या, बदल्यात ताजा मासा मिळत असेल तर मी अडवणार नाही. फक्त देण्याआधी डोळे मिटा आणि एकेका वस्तूवरून बोट फिरवून पाहा. चूल पेटवायची घाई करू नका.